थांबलेला पंखा: सत्तरीतल्या एका काजू शेडचं प्रकरण

मे २०२३च्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी बाराच्या आत-बाहेर, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्याच्या छपरावर माझा एक माणूस पत्रा फोडून मांडीपर्यंत आत गेला. माझा म्हणजे माझ्या देखभाल करारावरचा. मी त्या वेळी फोंड्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे चहा पीत बसलो होतो, आणि अर्ध्या तासापूर्वी फोनवर मीच सांगितलं होतं, 'तीन नंबरचा पंखा बंद करून घ्या आणि चढा.' हे आधीच सांगून टाकतो. पुढे दोष बरेच निघणार आहेत, त्यांतला माझा वाटा वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

पोरगा वाचला. मांडीला सात टाके पडले, चार दिवस घरी बसला, आज माझ्याकडेच कामाला आहे. त्याची हाताची बोटं शाबूत राहिली ती दोन-तीन सेकंदांच्या फरकाने, आणि खरी गोष्ट त्या बोटांची आहे. पत्र्यातून पाय गेला ते नंतर.

शेड अशी: लांबी ४५ मीटर, रुंदी १८, कण्याखाली, म्हणजे छपराच्या माथ्याच्या रेघेखाली, उंची ८ मीटर. कलर कोटेड पत्रे, दर चौथ्या गाळ्यात उजेडासाठी फायबरचा एक पारदर्शक पत्रा. कण्यालगत एका ओळीत चार विजेचे पंखे, २४ इंची, पट्ट्यावर चालणारे, प्रत्येकी १ अश्वशक्तीची थ्री फेज मोटर, प्रत्येकाची हवा ओढण्याची क्षमता तासाला सुमारे ९,००० घनमीटर. त्यांच्या अधेमधे वाऱ्यावर फिरणारे सहा टर्बो व्हेंटिलेटर, ते आधीच्या कंत्राटदाराने बसवलेले. विजेचे पंखे थर्मोस्टॅटवर: शेडमध्ये ३४ अंशांच्या वर गेलं की आपोआप चालू.

काजूच्या कारखान्यात उष्णता येते ती मुख्यतः बिया वाफवायच्या कुकरकडून आणि बोरम्याकडून. बोरमा म्हणजे फोडलेले गर सुकवायचं गरम हवेचं मोठं कपाट. सहा-आठ तास गर त्यात राहिले की वरची तांबूस साल सुटी होते. मग बाया ती साल सोलतात, आणि तिचा हलका, किंचित तेलकट भुसा सगळीकडे उडतो. हा भुसा लक्षात ठेवा. या प्रकरणात सगळ्यात मोठा गुन्हेगार तोच आहे, फक्त तो छपरावर नव्हता.

मिरगाच्या आधी छपरावरची कामं उरकायची ही इकडची जुनी रीत. घराची कौलं शाकारायची, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची, आणि कारखान्यात पंखे नि गटारं. त्या आठवड्यात शेठचा फोन आला की ओळीतला एक पंखा खडखडतोय, मधेच थांबतो, मधेच चालतो. आमच्या रजिस्टरात तो पंखा क्रमांक ३. मी दोघांना पाठवलं. एक फिटर, साठीकडे झुकलेले, त्यांना सगळे काकाच म्हणतात. आणि एक हेल्पर, दोडामार्गचा, बावीस वर्षांचा, हाताने चपळ.

आता घडलं ते क्रमाने. शिडी चढण्याआधी काकांनी गेटजवळच्या विजेच्या पॅनेलवरच्या माणसाला सांगितलं, 'तीन नंबर पाड.' त्याने तीन नंबरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, पाडला. कुलूप नाही, पाटी नाही, पण पाडला, आणि तसं मान हलवून सांगितलंही. दोघं वर गेले. ओळीतला पहिला पंखा जोरात चालत होता. दुसरा हळूहळू फिरत होता. तिसरा निमूट उभा होता. 'बंद आसा तो,' पोरगा म्हणाला. काकांनाही तेच दिसलं. जाळी काढली, पट्ट्याचं कव्हर काढलं. पोराने बेअरिंगभोवतीचं ग्रीस बनियन वेस्टने, म्हणजे पुसायच्या चिंध्यांनी, पुसलं, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला, आणि १७ नंबरचा पाना घ्यायला काकांकडे वळला. वेस्टचा बोळा पुलीवरच राहिला होता. त्या क्षणी पंखा सुरू झाला. बोळा पट्ट्यात गेला, गरकन फिरून बाहेर फेकला गेला. पोरगा दचकून मागे सरला. एक पाऊल पत्र्यावर पडलं, दुसरं फायबरवर.

पाना त्याच भोकातून खाली गेला आणि गर निवडायच्या टेबलावर पडला. निवडणाऱ्या बाया तेव्हा जेवायला उठल्या होत्या. ८ मीटरवरून पडलेला पाना डोक्यात बसला तर काय होतं, यावर मी इथे लिहीत नाही. पण अपघाताच्या कागदात हे वाक्य सगळ्यांनीच गाळलं होतं, ते मी नंतर हाताने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सगळे शेडमध्ये होतो. शेठ, काका, पॅनेलवाला, मी, आणि माझ्या आग्रहावरून सोलणाऱ्या बायांपैकी दोघी. शेठना वाटत होतं, पॅनेलवाल्याने खटका परत वर केला. पॅनेलवाला देवाची शपथ घेत होता. तो खरं बोलत होता, कारण तीन नंबरचा एमसीबी अजून खालीच होता.

पंखे चार. पॅनेल गेटजवळ, पूर्वेला. तिथले आकडे गेटकडून मोजलेले. शिडी पश्चिमेला, माझ्या रजिस्टरातले आकडे शिडीकडून मोजलेले, कारण आमचा माणूस वर चढला की पहिला भेटतो तो एक. त्यामुळे आमचा तीन म्हणजे त्यांचा दोन, आणि त्यांचा तीन म्हणजे आमचा दोन. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. दर भेटीत वायरमन सोबत असायचा आणि सगळेच पंखे पाडले जायचे, म्हणून ते कधी कुणाला टोचलं नाही. त्या दिवशी उकाडा होता, बाया कुरकुरत होत्या, म्हणून एकच पाडला.

इथपर्यंत कुणीही पोहोचेल, आणि बहुतेक चौकश्या इथेच थांबतात: नंबर चुकला, नंबर नीट लिहा, चला. पण एक प्रश्न उरतो. चुकीचा पंखा बंद केला असेल तर बरोबरचा पंखा चालू असायला हवा होता. तो उभा का होता? आणि जो खरोखर बंद केला, तो फिरत का होता?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे आणि छपरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. शेडमधले बाकीचे पंखे हवा बाहेर ओढत असतात, तेव्हा आत किंचित पोकळी होते, आणि बंद पंख्याच्या तोंडातून बाहेरची हवा आत घुसते. ती त्याला फिरवते. उलटा फिरवते. काकांनी दिशा पाहिली असती तर कळलं असतं. पण फिरणारं पातं दिसलं की माणूस 'चालू' म्हणतो, दिशा कोण बघतं? असा उलटा गरगरणारा पंखा हातानेही धोक्याचा, आणि त्याच स्थितीत मोटर सुरू केली तर मोटर, पट्टा नि शाफ्ट तिघांनाही दणका.

पहिल्याचं उत्तर पॅनेलमध्ये मिळालं. वायरमनने दोन नंबरच्या स्टार्टरचं झाकण उघडलं. ओव्हरलोड रिलेवर एक लहान निळं बटण असतं, त्याला दोन जागा: हॅन्ड आणि ऑटो. ते ऑटोवर होतं. म्हणजे मोटरने जास्त करंट ओढला की रिले तापतो, पंखा थांबवतो, पाच-सात मिनिटांत थंड होतो आणि स्वतःच पुन्हा जोडला जातो. पुश बटणाचा स्टार्टर असता तर रिले जोडला गेला तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत पंखा उठला नसता. इथे बटणच नव्हतं, थर्मोस्टॅट होता. थर्मोस्टॅट तर सारखा 'चालू, चालू' म्हणतच होता. रिले थंड होताच पंखा सुरू. शेठ म्हणाले होते ना, मधेच थांबतो, मधेच चालतो? तक्रारीतच सगळं होतं. मी फोनवर ते ऐकलं आणि बेअरिंग म्हणून लिहून घेतलं.

बटण ऑटोवर कुणी केलं? कुणीतरी सोयीसाठी. पंखा पडला की दर वेळी पॅनेलपर्यंत चालत जावं लागतं, म्हणून. दुष्टपणा कुठेच नाही.

आणि बाकीच्या पंख्यांच्या ओढीने तोही उलटा का फिरला नाही? कारण त्याचं बेअरिंग जवळजवळ जाम होतं. पेडस्टल, म्हणजे बेअरिंगचं घर, उघडल्यावर ग्रीस दह्यासारखं पांढरं निघालं. ग्रीस पांढरं झालं की आत पाणी शिरलंय असं समजावं. वर पट्टा वाजायचा म्हणून आमच्याच कुणीतरी तो ताणून ठेवला होता. दोन पुल्यांमधलं अंतर ४०० मिलीमीटर. एवढ्या अंतरावर पट्टा मधोमध दाबला तर साधारण ६ मिलीमीटर दबायला हवा. तो २ मिलीमीटरही दबत नव्हता. अंगठ्याने दाबून पाहणाऱ्या पोराला ते जाणवलंच असणार, बिचाऱ्याला सांगायची संधी मिळाली नाही. जास्त ताण म्हणजे बेअरिंगवर जास्त भार, म्हणजे जास्त करंट.

तेवढ्यावर प्रकरण संपवलं असतं तर नवं बेअरिंग, नवा पट्टा, नवे नंबर, बिल. पण त्या दोघी बायांपैकी वयाने मोठ्या काकी मघापासून काही सांगू बघत होत्या. त्या म्हणाल्या, 'पंखे लागले की हे मागचं दार ओढवत नाही हो. आणि वरच्या त्या भोपळ्यांतून ऊन वारा अंगावर येतो.' भोपळे म्हणजे टर्बो व्हेंटिलेटर. तीन वर्षांत मला कुणी याहून मोलाची माहिती दिली नव्हती, आणि तीन वर्षांत मीही कुणा बाईला विचारलं नव्हतं.

दार बाहेर उघडणारं. ते ओढवत नाही याचा अर्थ शेड आतून हवेला उपाशी आहे: पंखे बाहेर टाकतात तेवढी हवा आत येत नाही. मी देवघरातल्या पुड्यातून चार अगरबत्त्या घेतल्या, एका लांब बांबूला बांधल्या आणि टर्बोच्या गळ्याखाली धरल्या. धूर वर जायला हवा होता. तो खाली आला, सरळ. म्हणजे ज्या भोकांतून गरम हवा बाहेर जावी म्हणून पैसे घातले, त्यांतूनच तापल्या पत्र्यावरची हवा आत येत होती आणि लगेच शेजारच्या विजेच्या पंख्यातून बाहेर पडत होती. कण्याखालीच फेरा. खाली बसलेल्या बाईला त्यातलं काही नाही. पावसाळ्यात याच वाटेने पाणीही आत शिंपडलं जातं. टर्बोखाली गर ओले होतात ही जुनी तक्रार होती आणि तिच्यासाठी दर वर्षी सिलिकॉनच्या नळ्या संपत होत्या. अशा पंख्यांची जोडी एकाच छपरावर लावू नये. एक तर वाऱ्याचे, नाही तर विजेचे.

मग खिडक्या पाहिल्या. आठ खिडक्या, प्रत्येकी १.२ बाय ०.९ मीटर, सगळ्यांना माशा-डासांसाठी बारीक जाळी. अन्नाचा कारखाना, जाळी हवीच. पण तीन खिडक्यांपुढे रॅक उभे करून मागे प्लायवूड ठोकलं होतं, आणि उरलेल्या पाच जाळ्यांवर तो गराच्या सालीचा भुसा बसून एक जाडसर तपकिरी कांबळं तयार झालं होतं. बोटाने ओरखडा काढला तर उजेड आला.

हिशेब अगदी साधा आहे, तो देतो, कारण असा हिशेब केलेला मी फार कमी शेडमध्ये पाहिला आहे. चार पंखे, तासाला ३६,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला १० घनमीटर. शेडमधली हवा तासाला सहा वेळा बदलेल एवढं हे आहे. आत येणारी हवा सेकंदाला २ मीटरपेक्षा फार वेगाने येऊ नये असं धरलं, तर मोकळी जागा हवी ५ चौरस मीटर. आठही खिडक्या उघड्या आणि जाळी कोरी करकरीत असली तर तारेची जाडी वजा जाता ५५ टक्के जागा मोकळी राहते: ८.६४ मधले पावणेपाच. जेमतेम. पाच खिडक्यांचे झाले तीनच्याही आत. आणि त्यांवर ते कांबळं.

आता इथे एक गोष्ट अशी आहे की मुरलेले वायरमनसुद्धा चकतात. वाट बंद झाली की पंख्याला काम कमी, करंट कमी, असं वाटतं. पिंजऱ्यासारख्या चाकाच्या ब्लोअरमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण या छपरावरच्या पंख्यासारख्या, विमानाच्या पात्यांच्या पंख्यात उलटं होतं: हवा अडली की तो जास्त शक्ती खातो. मोटरवर लिहिलेला करंट १.८ अँपिअर. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, लावला तर चांगल्या बेअरिंगचे तीन पंखे २ च्या जवळ, आणि खराब बेअरिंगचा २.३. मी बायांना विनंती केली, दोन्ही शटर पूर्ण उघडा. शटर वर गेली, आणि मीटरवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरला. तीन पंखे १.७ वर आले. शेठ मीटरकडे आणि मी त्या जाळीकडे बघत राहिलो.

म्हणजे ज्या दुखण्यासाठी दोन माणसं भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर चढली, त्याचं निम्मं औषध जमिनीवर, झाडू आणि पाण्याच्या नळीत होतं.

शेठनी आधी मला सुचवलं होतं की गरम होतंय तर पुली बदलून पंख्याचा वेग वाढवा. वेग २० टक्क्यांनी वाढवला तर हवा २० टक्क्यांनी वाढते, पण शक्ती वेगाच्या घनाने, म्हणजे १.७३ पट. १ अश्वशक्तीची मोटर आठवड्यात जळाली असती. हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, 'बरं झालं विचारलं.'

आता पत्रा. फायबरचे उजेडाचे पत्रे गोव्याच्या उन्हात आणि पावसात काही वर्षांत ठिसूळ होतात, त्यांवर शेवाळ धरतं. सत्तरीला किनाऱ्यापेक्षा पाऊस जास्त, खारा वारा कमी. कळंगुटच्या हॉटेलांवर आम्हाला गंज पुरतो, इथे शेवाळ. पण या शेडला एक वेगळंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी उष्णता कमी व्हावी म्हणून पूर्ण छपराला पांढरा रंग मारला होता, आणि रंगाऱ्याने फायबरही रंगवून टाकलं. वरून पाहिलं तर एकसारखा पांढरा पत्रा. कुठे पाय द्यायचा नाही हे ओळखायची एकुलती खूण आम्ही पैसे देऊन पुसली होती. आम्ही म्हणतोय, कारण रंगाऱ्याचा नंबर मीच दिला होता.

हार्नेस, म्हणजे पडताना अडवणारे अंगातले पट्टे, दोघांच्याही अंगावर होतं, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं, चांगलं. पण त्याचा हूक कुठे अडकवला होता? पंख्याच्या टोपीला. ती टोपी चार सेल्फ टॅपिंग स्क्रूंवर पत्र्याला धरलेली. पोरगा मांडीवर अडला, खाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो लोखंडी वासा, आडवी आली, आणि काकांनी पाठीचा पट्टा धरला, म्हणून टोपीवर झटका बसला नाही. बसला असता तर टोपीही त्याच्यामागे आली असती.

आणि समजा हूक पक्क्या जागी असता, तरी? दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पिशवी पूर्ण उलगडली की आणखी पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव. सहा मीटरच्या थोडं वर. कण्याखाली ८ मीटर उंची आहे खरी, पण बरोबर त्याखाली २.४ मीटर उंचीचा बोरमा आहे. उरतात ५.६. म्हणजे हार्नेसने त्याला अडवलं असतं, पण बोरम्यावर आपटल्यानंतर. हार्नेस घातलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांत मीही होतो. खालची उंची मोजायची असते हे मला माहीत होतं, मोजली मात्र नव्हती.

लटकलेल्या माणसाला उतरवायचं कसं, यावर तर आम्ही कधी बोललोच नव्हतो. पट्ट्यांत लोंबकळत राहिलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. तालुक्याच्या गावाहून, वाळपईहून, मदत येईपर्यंत थांबणं हा बेत होऊ शकत नाही.

काय बदललं ते सांगतो, महत्त्वाच्या क्रमाने नाही, झालं त्या क्रमाने.

त्याच सकाळी रिलेचं बटण हॅन्डवर गेलं, चारही. जाळ्या धुतल्या. दुपारपर्यंत प्लायवूड निघालं, रॅक दुसरीकडे गेले. पंख्यांचे आकडे रद्द करून अक्षरं दिली: गेटकडून क, ख, ग, घ. पॅनेलवर, पंख्याच्या कठड्यावर वरून, आणि छताला खालून, तिन्ही जागी हातभर उंचीची. माझ्या रजिस्टरातही तीच. आकडे असले की माणूस आपल्या बाजूने मोजतो. 'ग' कुणी मोजत नाही, वाचतो.

मग प्रत्येक पंख्याशेजारी, हाताच्या अंतरावर, पावसात टिकणारा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, बसवला, ज्याला बंद स्थितीत कुलूप लागतं. आता पद्धत अशी: खाली एमसीबी पाडून कुलूप, वर आयसोलेटर पाडून कुलूप, वर चढणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं, किल्ली त्याच्याच खिशात. पॅनेलवर मराठीत पाटी: कोण वर आहे, कितीला चढला. त्यानंतर थर्मोस्टॅट मुद्दाम खाली फिरवून पंखा उठतो का पाहायचं. मग टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो नीट आहे याची खात्री, नंतर मोटरच्या तिन्ही टर्मिनलवर, आणि परत चालू लाइनवर. एवढं झाल्यावर पात्याला दोरी बांधायची, कारण वीज गेली तरी वारा आहे. तोवर हात आत नाही. कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. पहिल्या महिन्यात काका वैतागले, 'अरे, दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं.' मी काही बोललो नाही. पोराने पँट वर करून टाके दाखवले.

पत्र्यासाठी वेल्डरला वेळ लागला. शिडीपासून कण्याच्या बाजूने ६०० मिलीमीटर रुंद जाळीदार चालवाट, पर्लिनवर टेकवलेली. कण्यावर कैचीला, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याला, धरलेली आडवी वायररोप, आणि तिला अडकवायची आखूड दोरी, एवढी आखूड की माणूस चालवाट सोडून फायबरपर्यंत पोहोचतच नाही. पडल्यावर अडवण्यापेक्षा पडण्याच्या जागेपर्यंत जाऊच न देणं. बोरम्यामुळे आमच्याकडे दुसरा मार्गही नव्हता. फायबरच्या प्रत्येक पत्र्याखाली आतून लोखंडी जाळी. रंग खरवडून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्या पत्र्यांभोवती लाल चौकट मारली. वर कुणी असेल तेव्हा खालची जागा दोरीने बंद, आणि बाया दुसऱ्या अंगाला बसतात. हत्यारं दोरीला बांधलेली. शिडीपाशी एक माणूस आणि उतरवायची दोरी, आणि ती कशी वापरायची याची एक रंगीत तालीम, जिच्यात काकांना लटकवल्यामुळे सगळ्या कारखान्याची करमणूक झाली.

वर जायची वेळ सकाळी सात ते दहा. ढग गडगडला की खाली. ओल्या पत्र्यावर पाय नाही.

सगळ्यात उपयोगाचा बदल मात्र दिसायला फालतू आहे: वर जायची गरजच कमी केली. पट्ट्याचे पंखे एकेक करून डायरेक्ट मोटरचे केले, पट्टा नाही, पेडस्टल नाही. कठड्याच्या वरच्या अंगाला, जिथे उतारावरून येणारं पाणी तुंबायचं, तिथे पत्र्याची छोटी आड बसवून पाणी दोन्हीकडे वळवलं, त्यामुळे सिलिकॉनच्या फेऱ्या गेल्या. जून ते सप्टेंबर छपरावर कुणी जात नाही. दर महिन्याला पॅनेलवाला खालून चारही पंख्यांचा करंट वहीत लिहितो, आणि आकडा चढला की आधी जाळ्या बघतो. जाळ्यांच्या चौकटी आता काढता येतात. दर पंधरवड्याला काकी त्या नळाखाली धुऊन घेतात. त्यासाठी शिडी लागत नाही.

कागदाची बाजू थोडक्यात. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ३२ उंचीवरच्या कामाच्या जागी पडण्यापासून संरक्षण मागतं, आणि कलम ८८ प्रमाणे दुखापतीमुळे ४८ तास किंवा जास्त काम बुडालं तर अपघात कळवावा लागतो. चार दिवस बुडाले होते. शेठ म्हणाले, 'पोरगा ठीक आहे, कशाला तो व्याप?' आमची थोडी बाचाबाची झाली. शेवटी कळवलं. कळवताना ती पान्याची ओळ मी घातली.

या ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, मी स्वतः वर गेलो. माझं कुलूप, माझी किल्ली. लाल चौकटीतला एक फायबरचा पत्रा पुन्हा फुटला होता; माडाचं झावळं पडलं होतं, खालच्या जाळीवर अडकून राहिलेलं. क ते घ, चारही पंखे १.७ च्या आसपास.

टर्बो अजून तिथेच आहेत. दोन वेळा सांगून झालं की गळे बंद करून टाका. शेठ हो म्हणतात. पण रस्त्यावरून ते फिरताना दिसतात, नि माल घ्यायला येणाऱ्या माणसाला बरं वाटतं म्हणे.